घटक ६ : खनिज तेल कंपन्यांची यजमान सरकारांना देणी

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर खनिज तेल काढणारी कंपनी ज्या भूमीतून तेल काढते, तेथील सरकारला ती कोणकोणत्या स्वरूपात पैसे देते हे आपणांस सांगता येईल. कर आणि स्वामित्वधन यांतील भेद स्पष्ट करता येईल. आणि एकाच तेलविहिरीचे उत्पन्न वेगवेगळ्या ठिकाणी मोजले असता सरकारच्या पदरात पडणारी रक्कम का बदलते, याचे विवेचन करता येईल. घटकात थोडी आकडेमोड आहे. ती बेरीज-वजाबाकी व टक्केवारी यांच्यापलीकडची नाही.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्नरहून पश्चिमेस घाटघरच्या वाटेने गेले की नाणेघाट लागतो. सातवाहन काळात कोकणातील कल्याण व सोपारा या बंदरांकडून येणारा माल याच घाटाने चढून जुन्नरच्या बाजारपेठेत येत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या निमित्ताने दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दानांची नोंद आहे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात टाकली जात असे, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. रांजणाविषयीची ही समजूत शिलालेखाने सिद्ध होत नाही; परंतु घाटवाट ज्याच्या ताब्यात, त्याला व्यापारी काहीतरी देणे लागतो, हा तिच्यामागील विचार मात्र अगदी खरा आहे.

हा विचार नीट तपासून पाहू. घाट चढून येणारा माल व्यापाऱ्याच्या मालकीचा होता. राजा त्याला वाट व संरक्षण देत होता आणि सत्तेच्या बळावर मालाचा काही अंश घेत होता. या देण्याला आपण कर म्हणतो. आता कल्पना करा की, व्यापारी स्वतःचा माल घेऊन आलेलाच नाही. तो राजाच्या मालकीच्या खाणीतून दगड काढून नेत आहे. तो जे देईल ते केवळ वाटेचे मोल राहणार नाही. ते मालाचे मोल असेल. खनिज तेलाच्या व्यवहारात ही दोन्ही देणी एकत्र येतात आणि त्यांची गल्लत झाली की, पुढचे सारे आकलन चुकते.

जुन्नर-आंबेगावच्या काळ्या बेसाल्ट खडकात तेलविहीर नाही. तरीही या घटकात येथील शेतव्यवहारातील नजराणा, खंड, अर्धेली, रास, पट्टी हे शब्द हेतुपुरस्सर वापरले आहेत. तेलाचे करार लंडनच्या वकिलांनी लिहिलेले असोत, त्यांतील मूळ प्रश्न घोडेगावच्या चावडीवर किंवा नारायणगावच्या टोमॅटोबाजारात सहज कळतील असेच आहेत.

६.३ जमिनीखालच्या द्रव्याचा मालक कोण?

आंबेगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीतून मुरूम काढून विकायचा ठरवला, तर त्याला आधी महसूल यंत्रणेकडून परवानगी घ्यावी लागते आणि ब्रासप्रमाणे स्वामित्वधन, म्हणजे बोलीभाषेतील रॉयल्टी, भरावे लागते. जमीन माझी, मग मुरूम कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये याचे उत्तर आहे. अनुदानाच्या अटींत स्पष्टपणे वेगळे काही म्हटले नसेल, तर जमिनीच्या पृष्ठभागावर अथवा पोटात कोठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे निहित असतो. विनापरवाना उत्खनन केल्यास खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शेतकरी भुईचा मालक असला तरी भुईच्या पोटातील द्रव्याचा तो मालक नसतो.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथे खाजगी जमिनीखालील तेल सामान्यतः जमीनमालकाचे असते आणि कंपनी त्या मालकाशीच भाडेकरार करते. उत्पादनाचा एक अष्टमांश मालकास द्यावा, ही तेथील जुनी रूढी. जगातील बहुतेक देशांत मात्र मालकी राज्यसंस्थेकडे असते. म्हणून 'यजमान सरकार' या संज्ञेत दोन भूमिका दडलेल्या आहेत: सरकार सत्ताधारी म्हणून कर घेते आणि मालक म्हणून स्वामित्वधन घेते.

भारतात प्रश्न आणखी एका पायरीने गुंतागुंतीचा होतो, कारण सरकारे दोन आहेत. तेलक्षेत्रांचे नियमन हा सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे आणि त्यासाठी १९४८ चा तेलक्षेत्र अधिनियम व त्याखालील नियम आहेत. आसाम किंवा गुजरात यांसारख्या राज्यांत जमिनीवर निघणाऱ्या तेलाचे स्वामित्वधन त्या त्या राज्याला मिळते. समुद्रातील तेलाचे काय? संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील खनिजे संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, मालकीची आहेत.

याचा परिणाम महाराष्ट्राला फार जवळून जाणवतो. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट' या तरत्या खोदयंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. क्षेत्राचे नाव मुंबईचे, तेल-वायूवर प्रक्रिया करणारा प्रकल्प रायगड जिल्ह्यातील उरणला, तेलशुद्धीकरण कारखाने माहुलला. पण त्या तेलाचे स्वामित्वधन महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्र हा तेथील यजमानच नव्हे. मुरमाच्या बाबतीत शेतकऱ्याची जी अवस्था, तीच येथे राज्याची आहे.

६.४ देण्यांची रूपे

कंपनी जे देते त्याची वर्गवारी पाठ्यपुस्तकांतून नाना प्रकारे केलेली आढळते. आपल्यासाठी सर्वांत उपयुक्त कसोटी एकच आहे: पैसे कोणत्या टप्प्यावर मोजले जातात?

पहिला टप्पा पेरणीपूर्वीचा. करारावर सही होताना एकरकमी दिली जाणारी रक्कम म्हणजे नजराणाच. तिच्याबरोबर परवाना शुल्क व क्षेत्रफळावर आकारले जाणारे वार्षिक भाडे असते. तेल निघो वा न निघो, हे देणे चुकत नाही. शेतातील ठरीव खंडासारखे ते आहे. सरकारला यात जोखीम नाही, पण पुढे भरघोस पीक आले तर त्यात वाटाही नाही.

दुसरा टप्पा खळ्यावरचा. रास तयार झाली की खर्चाचा विचार न करता तिच्यातून ठरावीक हिस्सा काढायचा, हे स्वामित्वधन. भारतात २०१६ च्या धोरणानुसार जमिनीवरील कच्च्या तेलावर साडेबारा टक्के आणि उथळ समुद्रातील तेलावर साडेसात टक्के असा दर आहे. खोल समुद्रात खर्च प्रचंड असल्याने तेथे पहिली सात वर्षे स्वामित्वधन माफ आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. दर विहिरीच्या तोंडाशी असलेल्या मूल्यावर लागतो. बाजारातील भावावर नव्हे. टोमॅटो विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती येणारी हिशेबपट्टी आपण पाहिली असेल. विक्रीच्या रकमेतून वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन खाली निव्वळ रक्कम लिहिलेली असते. विहीरमुखाची किंमत अशीच मागे मागे वजाबाकी करत काढतात. त्यामुळे वजावट किती दाखवली जाते, यावर सरकारची बारीक नजर असावी लागते. तेल विकत घेणारी कंपनी तेल काढणाऱ्या कंपनीचीच भावंड असेल, तर विक्रीची किंमतही मुद्दाम कमी दाखवली जाऊ शकते. नॉर्वेने यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आहे. करासाठी तेलाची किंमत ते मंडळ ठरवते, कंपनीची पावती नव्हे.

तिसरा टप्पा खर्च वजा केल्यानंतरचा. यात दोन उपप्रकार येतात. एक म्हणजे कंपनीच्या नफ्यावरील प्राप्तिकर, जो इतर उद्योगांनाही लागतो. नॉर्वेत सामान्य कंपनीकर व तेलासाठीचा विशेष कर मिळून नफ्याच्या ७८ टक्के सरकारकडे जातात. दुसरा म्हणजे उत्पादन-वाटप करार. तो पहिल्यांदा १९६० च्या दशकात इंडोनेशियात रूढ झाला. त्यात कंपनी स्वतःच्या पैशाने विहिरी खोदते, निघालेल्या तेलातून आधी खर्च वसूल करते आणि उरलेल्या तेलाची सरकारशी वाटणी करते. ही अर्धेली होय. बी-बियाणे, खत, मांडवाची तार व काठी यांचा खर्च आधी उचलायचा आणि उरले ते मालक व कसणारा यांनी वाटून घ्यायचे.

यांखेरीज उपकर व तात्पुरते विशेष कर असतात. १९७४ च्या तेल उद्योग विकास अधिनियमानुसार जुन्या क्षेत्रांतील कच्च्या तेलावर उपकर घेतला जातो. २०१६ पासून तो मूल्याच्या २० टक्के आहे. युक्रेन युद्धामुळे भाव भडकले तेव्हा १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावले, पुढे ते वारंवार बदलत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाले. मंचर किंवा ओतूरच्या पंपावर आपण पेट्रोलमागे जे उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर देतो, ते मात्र या घटकाचा विषय नाहीत. ते कंपनी भरत असली तरी त्यांचा भार ग्राहकावर पडतो. तेलाच्या मालकीशी त्यांचा संबंध नाही.

६.५ रास मोजावी की नफा?

समजण्यापुरते एक काल्पनिक क्षेत्र घेऊ. वर्षाला १०० कोटी रुपयांचे तेल निघते आणि खर्च ६० कोटी आहे. तीन निरनिराळ्या व्यवस्था स्वतंत्रपणे लावून पाहू: ठरीव खंड १० कोटी, स्वामित्वधन साडेबारा टक्के, किंवा नफ्यात निम्मा वाटा. सरकारला पहिल्या व्यवस्थेत १० कोटी, दुसरीत साडेबारा कोटी आणि तिसरीत ४० कोटी नफ्याचे निम्मे, म्हणजे २० कोटी मिळतात. तिसरी व्यवस्था सरकारच्या सर्वांत फायद्याची दिसते.

आता तेलाचा भाव घसरला आणि त्याच तेलाचे ७० कोटी आले. खर्च तोच. खंड १० कोटीच राहतो. कंपनीचा सारा नफा त्यात जातो. स्वामित्वधन ८ कोटी ७५ लाख होते. नफ्यातील वाटा मात्र २० कोटींवरून एकदम ५ कोटींवर येतो. भावातील चढउताराची जोखीम कोण उचलतो, हे या तीन आकड्यांत स्पष्ट दिसते.

तिसरी शक्यता परीक्षेत फारशी विचारली जात नाही, पण व्यवहारात तीच महत्त्वाची ठरते. भाव पहिल्याइतकाच आहे, तेल १०० कोटींचे आहे. केवळ कंपनीने खर्च ६० ऐवजी ७५ कोटी दाखवला. खंड व स्वामित्वधन यांत एका पैशाचाही फरक पडत नाही. नफ्यातील वाटा २० कोटींवरून साडेबारा कोटींवर उतरतो. जमिनीखाली काहीच बदललेले नाही. बदल फक्त वहीत झाला आहे.

याउलट, स्वामित्वधनाचाही एक दोष आहे. विहीर जुनी झाली, तेल ७० कोटींचे आणि खर्च ६५ कोटी, अशी वेळ आली तर साडेबारा टक्के दिल्यावर कंपनीला पावणेचार कोटींचा तोटा होतो. पाच कोटींची शिल्लक देणारी विहीर ती बंद करते. रास मोजणे सोपे, पण ते आंधळे असते. नफा मोजणे न्याय्य, पण त्यासाठी वही तपासणारा माणूस हवा.

६.६ खर्चाची वही : पुणे ते पन्ना-मुक्ता

हा पेच तेलाबरोबर जन्मला नाही. पेशवाई संपल्यानंतर पुणे जिल्ह्यात शेतसारा ठरवण्याचे काम प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याकडे आले. त्या काळच्या इंग्रज अर्थशास्त्राचा, विशेषतः रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताचा, त्याच्या विचारांवर प्रभाव होता. जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा आकारायचा, अशी त्याची योजना होती. तत्त्व निर्दोष होते. पण बैलांचा, बियाण्याचा, मजुरीचा खर्च गावोगाव विचारून गोळा करावा लागला. मिळालेली माहिती अविश्वसनीय होती आणि आकारणी पुष्कळ ठिकाणी जड झाली. त्यातच धान्याचे भाव उतरले आणि जमिनी पडीक पडू लागल्या. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिच्यात निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब सोडून देऊन जमिनीची प्रतवारी व पूर्वीच्या वसुलीचा अनुभव यांवर भर दिला गेला. मुंबई इलाख्यातील रयतवारीचा पाया तो हाच.

तेलाच्या इतिहासात हाच पेच मोठ्या प्रमाणावर आला. १९०१ मध्ये इराणच्या शहाने विल्यम डार्सी याला साठ वर्षांची सवलत दिली; बदल्यात २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे भाग आणि निव्वळ नफ्याच्या १६ टक्के ठरले. नफा काढणाऱ्या वह्या मात्र लंडनमध्ये होत्या. नफा कसा मोजावा यावरून तंटे होत गेले आणि १९३३ च्या नव्या करारात टनामागे चार शिलिंग असे वजनावरचे स्वामित्वधन आले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या कंपनीने ब्रिटिश सरकारला भरलेला कर इराणला दिलेल्या स्वामित्वधनापेक्षा अधिक होता. १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाला नफ्यात निम्मा वाटा मिळाला आणि १९५१ मध्ये इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले.

आपल्या किनाऱ्यावर परत येऊ. मुंबईजवळच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता व ताप्ती या क्षेत्रांसाठी डिसेंबर १९९४ मध्ये उत्पादन-वाटप करार झाले. त्यांत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा ४० टक्के आणि रिलायन्स व एन्रॉन यांचा प्रत्येकी ३० टक्के भाग होता. एन्रॉनचा भाग पुढे ब्रिटिश गॅसने घेतला. खर्चवसुलीला मर्यादा घातलेली होती: पन्ना-मुक्तासाठी ५७.७५ कोटी डॉलर व ताप्तीसाठी ५४.५ कोटी डॉलर. मर्यादेत कोणता खर्च मोजायचा आणि सरकारचा वाटा ठरवताना कोणती देणी जमेस धरायची, यांवरून मतभेद झाले आणि २०१० मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. पन्ना-मुक्ता २०१९ च्या डिसेंबरात महामंडळाकडे परत आले, तरी हिशेबाचा वाद मिटलेला नव्हता.

असे का होते, हे कराराच्या रचनेतच दिसते. कंपनीने गुंतवणुकीच्या किती पट पैसे परत मिळवले यावर सरकारचा वाटा वाढत जातो. मग गुंतवणूक जितकी फुगेल तितका वाढीव वाटा देण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नेमक्या या रचनेवर बोट ठेवले होते. कंपन्यांचीही बाजू आहे: कोरडी विहीर निघाली तर सारा खर्च त्यांच्या अंगावर पडतो आणि खोल समुद्रातील खर्चाचा अंदाज आधी कोणालाच नेमका येत नाही. २०१६ मध्ये केंद्राने धोरण बदलले. नव्या करारांत खर्चवसुलीचे कलम नाही. सरकार एकूण महसुलातूनच वाटा घेते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल गोल्डस्मिड-विंगेट यांच्या बदलाचा सख्खा भाऊ आहे: वही तपासण्याची ताकद कमी पडली म्हणून रास मोजण्याकडे परतलेला. त्यातून तंटे घटतील, पण खोल समुद्रात हात घालण्यास किती कंपन्या धजावतील, हा प्रश्न उरतो.

६.७ देण्याचे नाव आणि त्याचे वाटप

कंपनीच्या दृष्टीने शंभर रुपये हे शंभरच रुपये असतात. ते कोणत्या नावाने दिले याला तिच्या लेखी महत्त्व कमी. आपल्या संघराज्यात मात्र नावावरून पैशाचा मार्ग ठरतो. कंपनी प्राप्तिकर हा विभाज्य निधीत जातो आणि अनुच्छेद २७० नुसार वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे राज्यांत वाटला जातो. उपकर व अधिभार त्या निधीतून वगळलेले आहेत. स्वामित्वधन व नफ्यातील वाटा हा करेतर महसूल असल्याने त्याच्या वाटणीचा प्रश्नच येत नाही. म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातून केंद्राला मिळणाऱ्या पैशांपैकी प्राप्तिकराचा अंशच काय तो महाराष्ट्रापर्यंत, आणि तोही इतर सर्व राज्यांबरोबर, पोहोचतो. मुंबई महानगरपालिका कच्च्या तेलावर जकात घेत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर ती जकातही संपली. आसामात तर तेलाच्या वाट्याची भावना इतकी तीव्र होती की, १९८० मध्ये आंदोलकांनी कच्चे तेल राज्याबाहेर जाऊ देण्यास अटकाव केला.

स्वामित्वधन हा कर आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला. खटला १९५७ च्या खाण अधिनियमाखालील खनिजांचा होता. त्या अधिनियमातून खनिज तेल वगळलेले आहे. स्वामित्वधन हा खनिज काढण्याच्या हक्काचा करारजन्य मोबदला असून तो कर नव्हे, असे न्यायालयाने ठरवले आणि १९८९ चा विरुद्ध निर्णय बाजूला सारला. नाणेघाटातील व्यापारी व खाणीतून दगड नेणारा यांच्यात आपण प्रारंभी केलेला भेद आणि हा निर्णय शेजारी ठेवून वाचावेत.

६.८ स्वाध्याय

१. आपल्या तालुक्यातील तहसील कार्यालयात गौण खनिजाच्या परवान्याची पद्धत समजून घ्या. त्यात मोजणी कोणत्या टप्प्यावर होते, खड्ड्याजवळ, वाहनात की विक्रीनंतर? प्रत्येक पर्यायात चोरीला वाव कोठे राहतो ते लिहा.

२. कलम ६.५ मधील क्षेत्रात साडेबारा टक्के स्वामित्वधन आधी घेतले आणि ते खर्चात धरून उरलेल्या नफ्याची निम्मी वाटणी केली, तर १०० कोटी व ७० कोटी अशा दोन्ही स्थितींत सरकारला एकूण किती मिळेल?

३. आपल्या परिचयातील एखाद्या अर्धेलीच्या व्यवहारात कोणता खर्च दोघांत धरला जातो आणि कोणता कसणाऱ्याच्या माथी राहतो, याची माहिती घेऊन पन्ना-मुक्ता करारातील वादाशी तिची तुलना करा.

४. समुद्रातील तेलाच्या स्वामित्वधनात किनाऱ्यावरील राज्याला वाटा असावा काय? अनुच्छेद २९७ च्या आधारे दोन्ही बाजू मांडा.